झुबिन मेहतांच्या कानातलं व्हिएन्ना

ऑपेराचा प्रयोग बघायला बसलेल्या माणसाला संचालक फारसा दिसत नाही. रंगमंचाच्या पुढे जमिनीच्या पातळीखाली उतरलेला एक खड्डा असतो, त्यात दाटीवाटीने बसलेले सत्तर-ऐंशी वादक असतात, आणि कठड्याच्या वर अधूनमधून एक डोकं, दोन हात आणि एक बारीक पांढरी छडी दिसते. हा माणूस तीन तासांत एकही स्वर वाजवत नाही आणि एकही ओळ गात नाही. तरीही जाहिरातीत त्याचं नाव नायक-नायिकेच्या बरोबरीने छापलेलं असतं. असं का, हा प्रश्न मला पाश्चात्त्य संगीत ऐकायला लागल्यापासून पडलेला होता.

त्याचं उत्तर मला मिळालं ते असं. छडी खाली येण्याच्या आधीच त्या माणसाच्या कानात एक आवाज वाजत असतो. समोरच्या माणसांना त्या आवाजापर्यंत घेऊन जाणं हे त्याचं काम. म्हणून कुठल्याही संचालकाला कोणतं संगीत आवडतं हे समजून घ्यायचं, तर आवडत्या कृतींची यादी पाठ करून फारसं हाती लागत नाही. तो आवाज त्याच्या कानात कधी, कुठे आणि कोणामुळे शिरला, ते शोधावं लागतं. आपल्याकडे गवयाबद्दल विचारताना आपण आधी विचारतो, 'तालीम कोणाची?' अगदी तसंच.

झुबिन मेहतांच्या बाबतीत हा शोध घेणं मला विशेष जवळचं वाटतं, कारण त्याची सुरुवात मुंबईत होते. २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईतल्या एका पारशी घरात ते जन्मले. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्रायल इथले मोठे वाद्यवृंद त्यांनी सांभाळले हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच आयुष्यात त्यांनी ऑपेराही तितकाच केला. फ्लोरेन्सच्या 'माज्जो म्युझिकाले' या संस्थेचे ते १९८५पासून तीस वर्षांहून जास्त काळ प्रमुख संचालक होते, आणि १९९८ ते २००६ या काळात म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेराची संगीताची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे होती.

आधी ऑपेराचं थोडं. मराठी माणसाला ऑपेरा समजावताना 'आपल्या संगीत नाटकासारखं' असं सांगितलं जातं, आणि सुरुवातीला ते उपयोगी पडतं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून गाणाऱ्या नटांचं आपल्याला वेड आहे. चर्नी रोडजवळच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये तर पुढे बालगंधर्वही गायले. पण फरक मोठा आहे. संगीत नाटकात पद सुरू झालं की गाडी गायकाच्या हातात. तो आलाप वाढवील, एखादी तान जास्त घेईल, प्रेक्षकांनी वन्समोअर दिला की सगळं पद पुन्हा वेगळ्या अंगाने गाईल, आणि ऑर्गनवाला व तबलजी त्याच्या मागोमाग जातील. साथीला माणसं दोन-तीन, त्यामुळे नजरानजर झाली की पुरे.

ऑपेरात साथीला ऐंशी माणसं, त्यातली निम्मी गायकाकडे पाठ करून किंवा रंगमंचाच्या कडेखाली, जिथून गायक दिसतही नाही. शिवाय पन्नास-साठ जणांचा कोरस. प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त त्याच्या स्वतःच्या वाद्याचे किंवा आवाजाचे कागद. सगळ्यांचं सगळं एकाखाली एक छापलेलं असं बाड एकाकडेच असतं, ते संचालकाकडे. त्याला स्कोअर म्हणतात. एका पानावर वीस-पंचवीस ओळी एकाच वेळी डावीकडून उजवीकडे धावत असतात. बासरी वर, डबल बेस हे सगळ्यात मोठं, खर्जातलं तंतुवाद्य अगदी खाली, गायक मधेच कुठेतरी. हे सगळं लिहिलेलं असूनही वरचा स्वर लागल्यावर गायिका तिथे क्षणभर रेंगाळतेच, दमसास कमी पडला तर किंचित घाईही करते. ते ऐंशी जणांना त्याच क्षणी कळायला हवं. कळवणारा एकच.

कसं कळवतो? मी बराच काळ समजत होतो की छडी खाली आपटली की सूर लागतो. खरी गोष्ट त्याच्या आधी घडते. हात वर उचलला जातो, त्याला आपण उठाव म्हणू. त्या उठावात सगळं भरलेलं असतं. हात किती वेगाने वर गेला त्यावरून लय कळते, किती उंच आणि किती जड गेला त्यावरून आवाज किती मोठा हवा ते कळतं, आणि उचलताना संचालकाने श्वास घेतला की गायक आणि फुंकवाद्यं वाजवणारे त्याच्याबरोबर श्वास घेतात. एखाद्या चांगल्या संचालकाची चित्रफीत आवाज बंद करून बघा आणि फक्त हे उठाव न्याहाळा. पाच मिनिटांत तुम्हाला संगीत दिसायला लागेल.

तर असे हात आणि असा कान झुबिन मेहतांना कुठून मिळाला?

पहिला गुरू घरातच होता. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ साली, म्हणजे मुलाच्या जन्माच्या आदल्या वर्षी, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. स्वतःचं एक तंतुवाद्यांचं चौकडं म्हणजे क्वार्टेटही चालवलं. १९४५ साली चाळिशीकडे झुकलेला हा संसारी माणूस आणखी शिकायचं म्हणून न्यूयॉर्कला गेला, इव्हान गालामियन यांच्याकडे व्हायोलिन शिकला, आणि काही वर्षांनी परत आला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या वयात स्वतःचा हात पुन्हा घडवायला बसणारा बाप ज्या मुलाने पाहिला, त्याला रियाजाबद्दल वेगळं काय सांगायचं?

त्या काळच्या मुंबईतला सिंफनी वाद्यवृंद म्हणजे पोटापाण्याचं दुसरीकडे बघून जमलेली माणसं. त्यात पारशी होते, युरोपीय होते, आणि गोव्याचे वादक होते. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवत असत. तिथून मुंबईत आलेल्या या वादकांनीच हिंदी सिनेमाचे वाद्यवृंदही भरले. म्हणजे आपल्या जुन्या सिनेसंगीतातली व्हायोलिनं आणि मेहलींच्या वाद्यवृंदातली व्हायोलिनं यांचं मूळ बऱ्याच अंशी एकच. झुबिन या वातावरणात वाढले. अजून मिसरूड फुटत नव्हतं तेव्हापासून वडील त्यांना वाद्यवृंदातल्या एकेका गटाची तालीम घ्यायला देत, आणि सोळाव्या वर्षी त्यांनी तालमीत सबंध वाद्यवृंदासमोर उभं राहून पाहिलं. मधे डॉक्टर व्हायच्या वाटेवरचं शिक्षणही सुरू करून झालं. ते सोडलं आणि १९५४ साली, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत जाऊन दाखल झाले.

इथे गोष्टीला खरं वळण लागतं. व्हिएन्नात गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद ऐकला. सभागृह म्युझिकफेराइन, संचालक कार्ल बोम, आणि कृती संगीतकार योहानेस ब्राम्सची पहिली सिंफनी, म्हणजे सबंध वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना. मेहतांनी आयुष्यभर ही आठवण पुन्हा पुन्हा सांगितली आहे. असा आवाज त्यांनी आधी कधी ऐकलाच नव्हता, आणि पुढे जगात जिथे जिथे छडी हातात घेतली तिथे कानात आदर्श म्हणून तोच आवाज राहिला.

ब्राम्सची ती सिंफनी सुरू कशी होते ते ऐकलं की त्या अठरा वर्षांच्या मुलाला काय झालं असेल याचा अंदाज येतो. सुरुवातीला वाद्यवृंदाच्या तळाशी डबल बेस, कॉन्ट्राबसून हे खर्जातलं फुंकवाद्य आणि टिंपनी हे मोठे नगारे एकच स्वर धरतात, 'सा'. टिंपनी तो स्वर ठाम, न थांबता ठोकत राहते. त्या स्थिर 'सा'वर व्हायोलिनं आणि चेलो हळूहळू, जणू ओझं घेऊन, वर चढायला लागतात आणि त्याच वेळी फुंकवाद्यं खाली उतरायला लागतात. वरचे आणि खालचे असे एकमेकांच्या विरुद्ध खेचले जातात, आणि तळातला 'सा' हलत नाही. तानपुऱ्याच्या खर्जावर वाढलेल्या आपल्या कानाला हे फार लवकर पकडतं. मला पाश्चात्त्य सिंफनीची पहिली ओळख कोणी करून द्यायला सांगितली, तर मी नेहमी याच तीन मिनिटांपासून सुरुवात करतो. ब्राम्सने ही सिंफनी पुरी करायला वीस वर्षांहून जास्त वेळ घेतला. १८७६ साली ती पहिल्यांदा वाजली तेव्हा त्याचं वय ४३ होतं. त्या पहिल्या 'सा'मध्ये एवढा काळ साठलेला आहे.

यात आणखी एक धागा आहे. मेहता व्हिएन्नात शिकत असताना त्यांचं वाद्य होतं डबल बेस. संचालक होणारी माणसं बहुधा पियानोवरून येतात, काही व्हायोलिनवरून. डबल बेसवरून आलेला माणूस वाद्यवृंद तळाकडून वर ऐकतो. पाया आधी, मग इमारत. म्युझिकफेराइनमध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे डबल बेस वाजवणारे नेहमीसारखे एका बाजूला नसतात. ते अगदी मागे, भिंतीशी, एका ओळीत असतात. सभागृह १८७० सालचं, लांबट पेटीसारखं. मागच्या भिंतीकडून येणारा तो खर्ज सगळ्या वाद्यवृंदाच्या खालून सरकत श्रोत्यांपर्यंत येतो. मेहतांच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये बेस कधी दबलेले वाटत नाहीत याचं कारण मी इथे शोधतो.

पण व्हिएन्नाचा आवाज म्हणजे नुसता खर्ज नव्हे. तिथले हॉर्न वेगळे असतात. जगात इतरत्र वापरतात त्यापेक्षा त्यांची नळी लांब असते आणि झडपा जुन्या पद्धतीच्या. वाजवायला अवघड, चुकायला सोपे, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना आवाज तुटत नाही, मींडेसारखा वाहतो. ओबो हे फुंकवाद्यही तिथलं खास, आवाज जरा नाकातला आणि टोकदार. टिंपनीवर बकऱ्याचं कातडं ताणलेलं. इतर शहरांनी सोयीची नवी वाद्यं घेतली, व्हिएन्नाने जुनी ठेवली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण वाद्यांत नाहीच. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे सदस्य म्हणजे व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या वाद्यवृंदातले वादक. १८४२ साली ऑपेरातल्याच वादकांनी हा वाद्यवृंद काढला, आणि आजही आधी ऑपेरात नोकरी केल्याशिवाय इथे प्रवेश नाही. म्हणजे सकाळी ब्राम्स किंवा ब्रुकनर वाजवणारी ही माणसं बहुतेक संध्याकाळी खड्ड्यात बसून गायकांची साथ करत असतात. वर्षाकाठी शेकडो रात्री. वरच्या गायिकेचा श्वास कुठे संपणार आहे ते त्यांना छडीच्या आधी कळतं. मग सिंफनीत कुठेही गाणारं माणूस नसलं, तरी व्हायोलिनांची ओळ श्वास घेत असल्यासारखी येते.

मेहतांचं ऑपेराप्रेम आणि ब्राम्सप्रेम ही दोन वेगळी खाती नाहीत, असं मला म्हणायचंय ते यासाठी. ज्या आवाजाने त्यांना ब्राम्स दिला, तो आवाज ऑपेराच्या खड्ड्यातच तयार झालेला होता.

ते व्हिएन्नात पोचले तेव्हा शहर युद्धातून नुकतं सावरत होतं. ऑपेरा हाऊसवर मार्च १९४५मध्ये बॉम्ब पडले होते. दहा वर्षं प्रयोग दुसऱ्या थिएटरांतून होत होते. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बेथोव्हेनच्या 'फिडेलिओ'ने, कार्ल बोम यांच्याच संचालनाखाली, ते घर पुन्हा उघडलं. एखाद्या शहराने आपलं गाण्याचं घर पुन्हा उभं राहिलं म्हणून उत्सव करावा, असा तो काळ, आणि असा उत्सव करणाऱ्या शहरात एकोणीस वर्षांचा विद्यार्थी.

आता गुरू. हान्स स्वारोव्स्की, जन्म १८९९, बुडापेस्टचे. त्यांचं नाव आपल्याकडे कोणाला फारसं माहीत नाही, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या संचालकांची एक पिढीच त्यांच्या वर्गातून बाहेर पडली. मेहता, क्लाऊडिओ अब्बाडो, मारिस यान्सन्स, ही तीन नावं पुरेत. स्वारोव्स्की स्वतः आर्नोल्ड शोनबर्ग आणि आंतोन वेबर्न या संगीतकारांकडे शिकलेले, आणि संगीतकार रिचर्ड स्ट्राऊस यांच्या निकटचे. स्ट्राऊसच्या शेवटच्या ऑपेरात, 'काप्रिचिओ'त, जे सॉनेट गायलं जातं त्याचा फ्रेंचमधून जर्मन अनुवाद स्वारोव्स्कींचा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर हे थेट घराणं आहे, आणि फक्त दोन पिढ्यांचं.

या घराण्याची शिस्त काय? कागदावर जे लिहिलंय त्याच्याशी प्रामाणिक राहा, आणि हात कमीत कमी हलवा. वर्गात मुख्य काम असे मोजणीचं. स्कोअर घ्यायचा आणि त्यातली मापं मोजून त्यांचे गट पाडायचे. माप म्हणजे आपण ढोबळमानाने एक छोटं आवर्तन समजू. चार मापांचं एक वाक्य, मग त्याला उत्तर देणारं चार मापांचं दुसरं, मग अचानक पाच मापांचं एक. संगीतकाराने तिथे एक माप जास्त का घातलं? गायिकेला तिथे काय म्हणायचंय? हे ज्याला कळलं तो प्रत्येक मात्रेला हात आपटत बसत नाही. तो वाक्याला एक हात दाखवतो. अख्खा विलंबित ख्याल चालू असताना तबल्याचा प्रत्येक बोल न मोजता समेकडे डोळा ठेवून ऐकणाऱ्या जाणत्या श्रोत्यासारखं हे आहे.

रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराची तीन-चार तासांची ऑपेरा जवळ बाळगायची तर ही पद्धत लागतेच. मेहता अनेकदा समोर स्कोअर न ठेवता संचालन करताना दिसले आहेत. लोक त्याला स्मरणशक्ती म्हणतात. मला वाटतं, हजारो मापं सुटी सुटी कोणी लक्षात ठेवू शकत नाही. वाक्यं लक्षात राहतात.

वर्गाबाहेरचं शिक्षण त्यांनी आणि अब्बाडोंनी मिळून मिळवलं. १९५६च्या उन्हाळ्यात इटलीतल्या सिएना इथल्या शिबिरात दोघे भेटले. त्याच शिबिरात तेरा वर्षांचा डॅनियल बॅरेनबोइमही होता. ही तिघांची मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. व्हिएन्नात मोठ्या संचालकांच्या तालमी बघायला बाहेरच्या विद्यार्थ्यांना सहजी मिळत नसत. मग या दोघांनी म्युझिकफेराइनशी जोडलेल्या कोरसमध्ये नाव घातलं आणि बेस म्हणजे सगळ्यात खालच्या पुरुषी आवाजांच्या रांगेत उभे राहून गाऊ लागले. कोरसचं तोंड संचालकाकडे असतं. श्रोत्यांना त्याची पाठ दिसते, कोरसला चेहरा, डोळे, ओठ, उठाव, सगळं दिसतं. तिथून त्यांनी ब्रुनो वॉल्टर पाहिले, हर्बर्ट फॉन कारायान पाहिले. वॉल्टर हे तरुणपणी संगीतकार गुस्ताव माहलरचे साहाय्यक होते. म्हणजे माहलरने काय सांगितलं हे स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस समोर उभा, आणि त्याच्या हातांकडे बघत मागच्या रांगेत मुंबईचा एक मुलगा गातोय. माहलरच्या दुसऱ्या सिंफनीची व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची मेहतांची १९७५ची ध्वनिमुद्रिका ऐकताना मला ती रांग आठवल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्यातून त्यांच्या आवडीची जी यादी तयार होते तिच्यात आश्चर्य उरत नाही: ब्राम्स, ब्रुकनर, माहलर, रिचर्ड स्ट्राऊस, शोनबर्ग. एकाच शहराभोवती फिरणारी, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली ही माणसं. ब्रुकनरची नववी सिंफनी त्यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर १९६५ सालीच, वयाच्या तिशीच्या आत, ध्वनिमुद्रित केली. शोनबर्ग हे नाव ऐकून पुष्कळ श्रोते अजून बिचकतात. सूर कुठे टेकत नाहीत, घर सापडत नाही, अशी तक्रार असते. मेहतांनी ते संगीत कायम आपल्या गुरूच्या गुरूचं संगीत म्हणून, घरचं म्हणून वाजवलं. नात्झी सत्तेमुळे देश सोडावा लागलेला शोनबर्ग १९३४पासून लॉस एंजेलिसला राहिला आणि १९५१ साली तिथेच वारला. १९६२मध्ये सव्वीस वर्षांचे मेहता त्याच शहराच्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले, आणि व्हिएन्नात शिकलेला शोनबर्ग त्यांनी तिथल्या वादकांना वाजवायला लावला. १९९१ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं तेरा वर्षांचं प्रमुखपद सोडताना निरोपालाही त्यांनी शोनबर्गच निवडला, 'गुरेलीडर' ही त्याची अवाढव्य कृती.

इटालियन ऑपेरा या घराण्यात कुठे बसतो? खरं तर सहज बसत नाही. पुचिनी आणि व्हर्दी हे इटालियन संगीतकार म्हणजे दुसरं गाव आहे. तिथे गळा राजा. पण मेहतांचा ऑपेरातला पहिला प्रयोग पुचिनीचाच होता, 'टोस्का', माँट्रियलमध्ये, १९६३ साली. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांनी व्हर्दीच्या 'आयडा'ने सुरुवात केली. व्हिएन्नात मिळालेली मोजणी आणि इटलीचा मोकळा गळा यांची सांगड घालणं हीच पुढची साठ वर्षांची कमाई म्हणता येईल.

'टोस्का'चंच एक उदाहरण जवळून बघू. कथा रोममधली, १८०० सालची, आणि तिच्या तिन्ही अंकांच्या जागा खऱ्या आहेत: एक चर्च, एक राजवाडा, एक किल्ला. जुलै १९९२मध्ये ही ऑपेरा त्याच तीन जागी, कथेत ज्या वेळा आहेत साधारण त्याच वेळांना, दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली. पहिला अंक दुपारी सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले चर्चमध्ये, दुसरा रात्री फार्नेसे राजवाड्यात, तिसरा दुसऱ्या दिवशी पहाटे सांतांजेलो किल्ल्याच्या गच्चीवर. गायक तिथे: प्लासिदो डोमिंगो, कॅथरिन माल्फितानो, रुज्जेरो रायमोंदी. आणि मेहता वाद्यवृंदासह रोममध्येच दुसरीकडे, स्टुडिओत. गायकांना छडी दिसायची ती पडद्यावर, वाद्यवृंद ऐकू यायचा तो लपवलेल्या ध्वनिक्षेपकांतून.

वर सांगितलेला सगळा खेळ आठवा. श्वास, उठाव, नजर. गायिका वरच्या स्वरावर रेंगाळली तर ते संचालकाला तारेतून कळणार, आणि चुकलं तर पुन्हा घ्यायची सोय नाही, कारण प्रक्षेपण थेट. पहिल्या अंकाच्या शेवटी तर चर्चच्या घंटा दोनच स्वरांवर न थांबता झुलत राहतात, तोफा उडतात, कोरस प्रार्थना म्हणतो, ऑर्गन वाजतो, आणि या सगळ्यावर खलनायक स्कार्पिआ आपल्या मनातलं पाप गातो. त्या दोन स्वरांच्या घंटा म्हणजे पुन्हा तळाशी धरलेला खर्जच. ब्राम्समध्ये टिंपनी जे करते तेच इथे घंटा करतात. तळ हलू न देता वरच्याला मोकळं सोडायचं, हे या माणसाला वयाच्या अठराव्या वर्षापासून येत होतं. ती फीत मिळाली तर जरूर बघा.

एका आवडीबद्दल मात्र जड मनाने लिहावं लागतं. ज्या वाद्यवृंदावर मेहतांनी सर्वांत जास्त जीव लावला तो इस्रायल फिलहार्मोनिक. त्यांच्याच जन्मवर्षी, डिसेंबर १९३६मध्ये, त्याचा पहिला कार्यक्रम आर्तुरो तोस्कानिनी या इटालियन संचालकाने केला होता. १९६९पासून मेहता त्याच्याशी बांधले गेले, १९७७ला संगीतप्रमुख झाले, १९८१ला हे पद त्यांना तहहयात दिलं गेलं, आणि २०१९ साली ते स्वतःहून निवृत्त झाले. या वाद्यवृंदाने नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांनंतर रिचर्ड वाग्नर वाजवणं थांबवलं होतं. वाग्नरने ज्यूंविरुद्ध लिहिलं होतं आणि नात्झींनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

संचालकाच्या दृष्टीने अडचण अशी की वाग्नरशिवाय पुढचं काही उलगडत नाही. ब्रुकनर, माहलर, स्ट्राऊस, शोनबर्ग, सगळे त्याच्या दारातून आत आलेले. हा वाद्यवृंद वाग्नर वाजवत नाही म्हणजे त्याच्या हातात एक धागाच नाही, असं मेहतांना वाटे. ऑक्टोबर १९८१मध्ये तेल अवीवला कार्यक्रम संपल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता वाग्नरच्या 'ट्रिस्टान आणि इझोल्डे'चा शेवट वाजवणार आहोत, ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी बाहेर जावं. सभागृहात गदारोळ झाला. छळछावण्यांतून वाचलेली माणसं त्या शहरात होती, आणि एका माणसाने रंगमंचाजवळ येऊन अंगावरचे व्रण दाखवले. पुढे तो प्रयत्न मेहतांनी सोडला. वाग्नर त्यांनी म्युनिकला केला, शिकागोला केला, व्हॅलेन्सियाला चार ऑपेरांची अख्खी 'रिंग' मालिका केली. आपल्या सर्वांत लाडक्या वादकांबरोबर मात्र नाही. मला त्यांचा संगीताबद्दलचा युक्तिवाद पटतो. तरी व्रण दाखवणाऱ्या माणसापुढे तो मांडायला माझी जीभ उचलणार नाही, आणि मेहतांचीही उचलली नसावी.

ज्याला हे सगळं कानांनी तपासून बघायचंय त्याने पुचिनीच्या 'टुरान्डॉट'कडे जावं. १९७२ साली लंडन फिलहार्मोनिकबरोबर मेहतांनी ती ध्वनिमुद्रित केली, जोन सदरलँड, लुचानो पावारोत्ती आणि मोन्सेरात काबाये यांना घेऊन. सदरलँड यांनी ही भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही, ती फक्त या ध्वनिमुद्रिकेत आहे. पुढे १९९८ साली मेहतांनी हीच ऑपेरा बीजिंगच्या जुन्या राजप्रासादाच्या आवारात केली. पहिल्या अंकापासूनच हेडफोन लावून ऐका आणि लक्ष मुद्दाम खाली ठेवा, बेस आणि मोठ्या ढोलांकडे. जमावाचा आरडाओरडा वर कितीही उसळला तरी खाली जमीन कशी पक्की असते ते ऐकू येईल.

मग तिसऱ्या अंकातलं 'नेस्सुन दोर्मा'. हे पद जगाला पाठ झालं ते १९९०च्या जुलैमध्ये. रोमच्या काराकाल्ला स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, डोमिंगो आणि होसे कारेरास असे तिघे गायले, संचालक मेहता, आणि लोकांनी वन्समोअर दिल्यावर तिघांनी मिळून हे पद पुन्हा म्हटलं. संगीत नाटकाच्या आपल्या प्रेक्षकाला त्या रात्री अगदी घरी असल्यासारखं वाटलं असतं. त्या कार्यक्रमात पदाच्या शेवटी वाद्यवृंद ठसठशीत थांबतो आणि टाळ्या पडतात. पण तो शेवट मैफलीसाठी जोडलेला आहे. शेवटच्या 'विंचेरो' या शब्दावरचा तो प्रसिद्ध वरचा स्वरही पुचिनीने अगदी छोटा लिहिलाय, लांबवतात तो गायक, आणि तेवढा वेळ सगळा वाद्यवृंद एका हाताकडे बघत थांबलेला असतो. १९७२च्या ध्वनिमुद्रिकेत पावारोत्तींचा तो स्वर सुटल्यावर लगेच बंद करू नका. टाळ्यांना जागा नाही. रात्र अजून संपलेली नाही, आणि वाद्यवृंद पुढच्या प्रसंगाकडे निघालेलाही असतो.